टेस्लाची होडी

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या उपकरणांचे प्रदर्शन भरले होते. तिथे पाण्याच्या हौदात लोखंडी पत्र्याची, साधारण चार फूट लांबीची एक होडी सोडलेली होती. होडीला दोर नव्हता, तार नव्हती, आत माणूस बसेल एवढी जागाही नव्हती. काठावर उभा असलेला उंच, सडपातळ, नीटनेटक्या कपड्यांतला एक गृहस्थ हातातल्या पेटीचा खटका फिरवी आणि होडी वळे, थांबे, पुन्हा निघे. तिच्यावरचे दिवे लागत आणि विझत. बघ्यांपैकी कुणाला ही जादू वाटली, कुणाला मनाने मनाशी बोलण्याचा प्रकार वाटला, तर होडीत शिकवलेले माकड बसवले आहे अशीही काहींची खात्री होती. लोकांना होडीला प्रश्न विचारायची मुभा होती. ६४ चे घनमूळ किती, असे विचारले की दिवा चार वेळा लुकलुके. उत्तर अर्थातच काठावरचा गृहस्थ देत होता. त्याचे नाव निकोला टेस्ला. चाळिशी त्याने नुकतीच ओलांडली होती.

आज हे नाव घेतले की आधी मोटारगाडी आठवते. त्या कंपनीशी या माणसाचा काही संबंध नाही, ती त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी निघाली आणि तिने त्याचे नाव तेवढे घेतले. एमआरआय काढून घेतलेल्यांनी हे नाव आणखी एका ठिकाणी पाहिलेले असते. रिपोर्टवर १.५ टेस्ला किंवा ३ टेस्ला असे छापलेले असते. ते चुंबकीय क्षेत्राचे एकक आहे आणि ते मात्र याच माणसाच्या सन्मानार्थ १९६० मध्ये ठरवले गेले.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा. गाव स्मिल्यान, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात आणि आता क्रोएशियात. कुटुंब सर्बियन, वडील चर्चमध्ये धर्मगुरू. आई ड्यूका शाळेत गेलेली नव्हती, पण घरकामाला लागणारी लहानसहान अवजारे ती स्वतः तयार करी आणि लांबलचक काव्ये तिला तोंडपाठ असत. आपल्या कल्पकतेचे श्रेय टेस्ला पुढे आयुष्यभर आईला देत राहिला. थोरला भाऊ दाने अतिशय हुशार होता. घोड्यामुळे झालेल्या अपघातात तो लहानपणीच गेला. या मृत्यूने घर खचले. धाकट्या निकोलाने काहीही केले तरी गेलेल्या मुलाची सर त्याला येत नसे, निदान त्याला तसे वाटे.

त्याच्या लहानपणाबद्दल त्याने स्वतः जे लिहून ठेवले आहे ते डॉक्टरांना विचार करायला लावणारे आहे. डोळ्यांपुढे अचानक लख्ख प्रकाश चमके आणि एखाद्या वस्तूचे नाव ऐकताच ती वस्तू इतकी स्पष्ट दिसे की ती खरी की भासातली हे कळेना. पुढे हाच गुण त्याने कामाला लावला. कागदावर रेघ न ओढता तो संपूर्ण यंत्र मनात जुळवी आणि मनातच चालवून पाही. पण त्याच मुलाला बायकांच्या कानातल्या डूलांची, त्यातही मोत्यांची, विलक्षण शिसारी येई. दुसऱ्याच्या केसांना हात लावणे त्याला अशक्य होते. चालताना तो पावले मोजी. जेवताना ताटातल्या पदार्थाचे आकारमान मनात काढल्याशिवाय घास गोड लागत नसे. एखादी कृती पुन्हा पुन्हा करायची झाली तर तिच्या संख्येला तीनने भाग गेलाच पाहिजे, नाही गेला तर सगळे पहिल्यापासून.

आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आजचे निदान चिकटवणे धोक्याचे असते, आणि टेस्लाच्या चाहत्यांनी त्याच्यावर इतकी निदाने चिकटवली आहेत की ती सगळी खरी मानली तर त्याच्या हातून एकही काम झाले नसते. तरी लक्षणे त्याने स्वतःच नोंदवलेली आहेत आणि ती लपवलेली नाहीत, हे महत्त्वाचे. आज अशा त्रासावर औषधे आहेत, वर्तनोपचार आहेत, आणि दोन्हींचा चांगला उपयोग होतो. हुशारी आणि मंत्रचळ एकत्र नांदतात म्हणून मंत्रचळामुळे हुशारी येते, असा समज करून घेऊन घरातल्या मुलाचा त्रास अंगावर काढू नये.

शाळा संपवून १८७३ मध्ये तो घरी परतला तेव्हा भागात कॉलऱ्याची साथ होती. वडिलांनी गावी येऊ नको असा निरोप दिला होता, तो न जुमानता हा आला आणि आल्या आल्या आजारी पडला. तो नऊ महिने अंथरुणाला खिळून होता. कॉलरा नऊ महिने रेंगाळत नाही. पाण्यासारखे जुलाब होऊन शरीर कोरडे पडते आणि निकाल काही दिवसांतच लागतो. तेव्हा पुढचे महिने अशक्तपणाचे, कुपोषणाचे किंवा दुसऱ्याच एखाद्या दुखण्याचे असावेत. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने ओळखला तो त्यानंतर दहा वर्षांनी. मीठ-साखरेचे पाणी पाजून रोगी वाचवता येतो हे सिद्ध व्हायला आणखी जवळजवळ नव्वद वर्षे लागली. या आजारपणाने एक गोष्ट मात्र घडली. मुलाने धर्मगुरू व्हावे असा वडिलांचा हट्ट होता. मुलगा हातचा जाणार असे दिसल्यावर, बरा झालास तर इंजिनिअरिंगला पाठवीन, असा शब्द त्यांनी दिला आणि तो पाळला.

१८७५ मध्ये टेस्ला ग्राट्झच्या तंत्रशाळेत दाखल झाला. तिथे त्याने एक विजेचे यंत्र पाहिले, ज्यात फिरत्या भागाला घासणाऱ्या पट्ट्यांमधून सतत ठिणग्या उडत. या पट्ट्या काढून टाकता येणार नाहीत का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला. पदवी न घेताच त्याने शिक्षण सोडले, बुडापेस्टला टेलिफोनच्या कामात नोकरी धरली आणि तिथे अतिश्रमाने त्याची प्रकृती पार ढासळली. घड्याळाची टिकटिक त्याला दूरच्या खोलीतूनही असह्य होई. त्यातून उठल्यावर, १८८२ मध्ये, मित्राबरोबर बागेत फिरताना त्याला उत्तर सुचले.

ते उत्तर असे होते. जाते फिरवायला दोन बायका समोरासमोर बसून आळीपाळीने खुंटा ओढतात, म्हणून फिरणे तुटत नाही. तसे लोखंडाच्या कड्याभोवती वेगवेगळ्या ठिकाणी वेटोळी बसवायची आणि त्यांत उलटसुलट वाहणारा प्रवाह असा सोडायचा की एकाचा जोर ओसरताना पुढच्याचा चढत जाईल. चुंबकाची ओढ मग स्वतःच गोल फिरू लागते आणि मधला दांडा तिच्या मागे फिरतो. या रचनेत घासणाऱ्या पट्ट्या लागत नाहीत, त्यामुळे ठिणग्याही उडत नाहीत. इटलीत गॅलिलिओ फेरारिस स्वतंत्रपणे याच कल्पनेपाशी पोचला होता, आणि आपण वापरतो तशी तीन फेजची मोटर जर्मनीत काम करणाऱ्या डोलिवो-डोब्रोवोल्स्कीने १८८९ मध्ये साकारली. पण अशी मोटर, तिला वीज पुरवणारे जनित्र आणि मधल्या तारा हे सगळे मिळून एक व्यवस्था म्हणून अमेरिकेत पेटंटमध्ये बांधले ते टेस्लाने, १८८८ मध्ये.

मधली वर्षे हालाची होती. १८८४ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला, एडिसनच्या कंपनीत काही महिने काम करून बाहेर पडला, स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि भागीदारांनीच त्याला बाहेर काढले. काही काळ त्याने रोजंदारीवर चर खणले. पुढे जॉर्ज वेस्टिंगहाऊस या उद्योजकाने त्याची पेटंटे घेतली. १८९३ मध्ये शिकागोचे जागतिक प्रदर्शन या विजेने उजळले. विवेकानंदांचे गाजलेले भाषण त्याच वर्षी त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेतले. नंतर न्यूयॉर्कमध्ये दोघांची ओळखही झाली. १८९६ च्या नोव्हेंबरात नायगाराच्या धबधब्यावरची वीज बफेलो शहरात पोचली.

साताऱ्या-सांगलीच्या वाचकाला यासाठी नायगाराला जायची गरज नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे पोफळीच्या बाजूला पडते, तिथे सुमारे १९६० मेगावॅट क्षमतेची जनित्रे फिरतात आणि त्यांतून निघते ती तीन फेजची वीज. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांवर ऊस आणि द्राक्षांना पाणी चढवणाऱ्या मोटारी त्याच तत्त्वावर चालतात. थ्री फेज आली का, हा प्रश्न ज्या शिवारात रोज विचारला जातो, तिथे टेस्ला परका नाही. एक फेज गेली आणि मोटर तशीच चालू राहिली तर ती घुमते, तापते आणि जळते, हे तिथल्या शेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक आहे.

१८९५ च्या मार्चमध्ये टेस्लाची न्यूयॉर्कमधली प्रयोगशाळा आगीत भस्म झाली. विमा नव्हता. वर्षाअखेरीस राँटगेनने क्ष-किरणांचा शोध जाहीर केला आणि टेस्लाने नव्या जागेत त्यावर लगेच प्रयोग सुरू केले. हाडांच्या सावल्यांची त्याची छायाचित्रे त्या काळाच्या मानाने उत्तम होती. क्ष-किरण निरुपद्रवी आहेत असे सर्रास मानले जात असताना त्यांनी कातडी भाजते, दुखते, हे लक्षात घेऊन लिहिणाऱ्या पहिल्या काही माणसांत तो होता. कारण त्याने हवेतल्या ओझोनवर ढकलले, तिथे तो चुकला. पण नळीपासून लांब राहा आणि वेळ कमी ठेवा, हा त्याचा सल्ला बरोबर होता आणि क्ष-किरण विभागात आजही तोच पाळतात.

अतिवेगाने उलटसुलट होणारा प्रवाह शरीरातून गेला तर झटका बसत नाही, ऊब येते, हेही त्याने दाखवले. फ्रान्समध्ये दार्सोनव्हाल याच दिशेने काम करत होता. एका सेकंदात लाखो वेळा दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला प्रतिसाद द्यायला नसांना आणि स्नायूंना वेळच मिळत नाही, उष्णता तेवढी तयार होते. १८९८ मध्येच टेस्लाने विद्युत-उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या परिषदेसाठी यावर निबंध लिहिला. दुखऱ्या गुडघ्याला किंवा कमरेला डायथर्मीचा शेक देतात, त्याचे मूळ इथे आहे. घरच्या विजेला मात्र हा नियम लागू नाही. ती सेकंदाला फक्त ५० आवर्तने करते, आणि हृदयाची लय बिघडवायला तो वेग पुरेपूर आहे.

आता पुन्हा त्या होडीकडे. १ जुलै १८९८ रोजी टेस्लाने पेटंटचा अर्ज केला आणि ८ नोव्हेंबरला ६१३८०९ क्रमांकाचे पेटंट मिळाले. दाव्यावर विश्वास बसेना म्हणून पेटंट कचेरीतला तपासनीस होडी स्वतः पाहून गेला. होडीत बॅटऱ्या होत्या, पंखा फिरवायला एक मोटर, सुकाणू वळवायला दुसरी. रेडिओ लहर ओळखायला धातूचा कीस भरलेली छोटी नळी होती. लहर आली की कीस वीज वाहू देतो, पण नंतर तो हलवून मोकळा केल्याशिवाय पुढची लहर ओळखत नाही. म्हणून टेस्लाने प्रत्येक इशाऱ्यानंतर नळीच उलटी होईल अशी सोय केली. प्रत्येक इशाऱ्याला एक चकती एक घर पुढे सरके आणि त्या घराप्रमाणे सुकाणू डावीकडे, सरळ, उजवीकडे होई. काठावरून पाठवता येत होता तो एकच शब्द, पुढे. त्याचा अर्थ होडीतली चकती लावी.

त्या वर्षी अमेरिका आणि स्पेनचे युद्ध चालू होते. माणसाविना चालणारी स्फोटकांची नाव म्हणून टेस्लाने ही कल्पना सरकारपुढे मांडली. ऐकणारा अधिकारी हसला, असे तो पुढे सांगे. त्याला स्वतःला मात्र खरी अडचण वेगळ्या ठिकाणी दिसत होती. दुसऱ्या कुणीही लहर सोडली तर होडीने ती का मानावी? आपल्याच धन्याचा इशारा तिने कसा ओळखावा? त्याने उत्तर शोधले. दोन वेगवेगळ्या लहरी एकाच वेळी आल्या तरच होडी हलेल, एकटी लहर आली तर हलणार नाही. यावरची पेटंटे त्याला १९०३ मध्ये मिळाली. नळातल्या दोन चाव्या एकदम सोडल्या तरच पाणी यावे, तसा हा प्रकार. संगणकातल्या एका मूलभूत जोडणीचे तत्त्व नेमके हेच आहे.

१८९८ च्या ऑगस्टमध्ये टेस्लाला आणखी एक छोटे पेटंट मिळाले होते, ज्वलन-इंजिनात विजेच्या ठिणगीने इंधन पेटवण्याचे. होडी आणि इंजिन ही दोन पेटंटे त्याच्या हयातीत एकत्र आली नाहीत. आज ती एकत्र दिसतात हौशी मंडळींच्या नायट्रो बोटींत, आणि त्याही गंमत अशी की ठिणगी टाळून.

नायट्रो बोट म्हणजे हात-दीड हाताची, तळ्यात ताशी कितीतरी किलोमीटर वेगाने पळणारी खेळण्यातली होडी. इंजिन मुठीएवढे. इंधनात मुख्यतः मिथेनॉल, त्यात नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी तेल. हे तेल पुष्कळदा आपले एरंडेलच असते. ठिणगीऐवजी प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरू करताना ते बॅटरीने तापवतात. मग बॅटरी काढली तरी स्फोटांची उष्णता आणि प्लॅटिनमची मिथेनॉलशी होणारी क्रिया यांमुळे ते लाल राहते.

खरी कसोटी मिश्रणाची. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. मिथेनॉलला सुमारे ६.४ भाग पुरते आणि नायट्रोमिथेनला अवघी १.७, कारण त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो. म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येते आणि इवल्या इंजिनातून मोठी ताकद निघते. इंधन किती जावे हे एक बारीक सुई ठरवते. ती घट्ट केली की इंधन कमी, सैल केली की जास्त. थंडीत जुनी स्कूटर सुरू करताना चोक ओढला जाई, तो मिश्रणात इंधन वाढवण्यासाठीच. बोटीतही सुरुवातीला इंधन जास्त लागते. मग ती वेग घेते, पंख्यावरचा भार बदलतो, लाटेवर उडाली की क्षणभर भार नाहीसाच होतो, टाकीतली पातळी उतरते, इंजिनभोवती खेळणारे तळ्याचे पाणी त्याला गार करत राहते. काठावर लावलेली सुई तळ्याच्या मध्यावर चुकीची ठरते. आणि पळत्या बोटीपाशी जाऊन ती फिरवणार कोण?

म्हणून सुकाणूला एक आणि वेगाला एक अशा दोन छोट्या सर्वो मोटारींच्या जोडीला तिसरी बसवतात, तिचा दांडा थेट सुईच्या तरफेला जोडलेला. काठावरचा माणूस रिमोटवरचे बटण थोडेसे फिरवतो आणि तळ्याच्या मध्यावर सुई तितकीच फिरते. टेस्लाच्या चकतीला पुढच्या घरात उडी मारणे तेवढे येई. आजच्या सर्वोला एक ते दोन सहस्रांश सेकंदाचा ठोका मिळतो आणि त्याच्या लांबीनुसार ती हव्या त्या कोनावर थांबून राहते. हातातल्या यंत्रावर आकडा असला तरी खरा निर्णय कान आणि डोळे घेतात. इंधन जास्त झाले की आवाज घोगरा होतो, धूर दाट होतो, तापलेली तार विझू लागते. कमी झाले की आवाज आधी चढतो, बोट जोमाने पळते आणि नवशिका खूश होतो. तेवढ्यात इंजिन जळते. कारण वंगणाचे तेल इंधनातच मिसळलेले आहे, त्यामुळे इंधन तोडले की उष्णता वाढते आणि नेमके त्याच वेळी तेलही कमी पडते. जाणकार चढता आवाज ऐकला की सुई किंचित सैल करतो आणि थोडा वेग सोडून देतो.

या इंधनाविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूकांडांत माणसे आंधळी करणारे तेच द्रव्य. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि डोळ्याची नस जाते. लहान मुलाला काही चमचे पुरतात. सुरुवातीचे काही तास मूल बरे दिसू शकते, म्हणून वाट पाहायची नाही. उलटी करवायची नाही आणि बाटली लेबलासकट दवाखान्यात न्यायची. लेबलाचा आणखी एक उपयोग आहे. रक्तातले क्रिएटिनीन मोजायच्या जाफे नावाच्या जुन्या पद्धतीला नायट्रोमिथेन फसवते. मूत्रपिंडे ठणठणीत असताना आकडा भलताच वाढलेला दिसतो. बाटलीत काय होते हे कळले तर डॉक्टर दुसऱ्या पद्धतीने तपासून घेतात आणि मुलाची भलत्याच रोगासाठी धावपळ होत नाही. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, हेही हौशींनी लक्षात ठेवावे.

चालू यंत्र न थांबवता दुरून जुळवून घेणे, ही गोष्ट वैद्यकाला फार हवी होती, कारण हृदय थांबवून त्याची सुई फिरवता येत नाही. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये वापरला गेला. तो एकदा बसवला की ठरल्या गतीने चाले, आणि काही बदलायचे तर पुन्हा शस्त्रक्रिया. सत्तरच्या दशकापासून बाहेरून जुळवता येणारे पेसमेकर आले. आता छातीवर एक उपकरण धरून डॉक्टर ठोक्यांचा वेग आणि प्रत्येक ठोक्याची ताकद बदलतात, तीही पेशंटशी गप्पा मारता मारता. टेस्लाचा प्रश्न तिथेही आलाच. हा इशारा धन्याचाच कशावरून? २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांची आतली आज्ञावली याच भीतीने बदलावी लागली. प्रत्यक्षात कुणा रोग्याला अशी इजा झाल्याचे आढळले नव्हते, पण दार उघडे होते. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी डायथर्मीचा शेक घेऊ नये आणि एमआरआयच्या आधी आपले कार्ड दाखवावे. टेस्लाची दोन अपत्ये एकमेकांना सोसत नाहीत.

कृष्णाकाठी त्याची दुसरी जोडगोळी मात्र गुण्यागोविंदाने नांदते. रात्रपाळीच्या विजेला मोटर सुरू करायला अंधारात बांधावरून जाणाऱ्या माणसाला घोणस, नाग, मण्यार यांची गाठ पडते, ओल्या हाताने स्टार्टरला हात लागतो. मोबाईल स्टार्टर आल्यापासून पुष्कळांना घरातून फोन लावून मोटर चालू करता येते. सिमकार्ड घातलेली ती पेटी नोंदवलेल्या नंबरचेच ऐकते, फेज गेली तर मोटर बंद करते आणि तसे कळवतेही. एक धोका या पेटीने नव्याने आणला आहे. विहिरीवर कुणी वायर जोडत असताना घरून दुसऱ्याने मोटर चालू केली तर? काम सुरू करण्याआधी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवायचे, नुसते फोनवर सांगून चालत नाही. आणि साप चावलाच तर आवळपट्टी, चिरा, मांत्रिक यांत वेळ न घालवता हातपाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठायचे, तिथे प्रतिविष असते.

होडीतून टेस्लाला पैसा मिळाला नाही. पेटंटची सतरा वर्षे १९१५ च्या नोव्हेंबरात संपली, तेव्हा युरोपातल्या युद्धात अशा कल्पनांना नुकता भाव येऊ लागला होता. तारेविना वीज पाठवण्याच्या वेडापायी १९०१ पासून बांधलेला वॉर्डनक्लिफचा मनोरा पैशाअभावी पडून राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. तो एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात राहायला जात राहिला आणि बिले थकत राहिली. लग्न केले नव्हते. हस्तांदोलन टाळी, जंतूंची धास्ती घेई, टेबलावर अठरा रुमाल मागे. मांस सोडून दूध, मध आणि भाज्यांवर राही. कबुतरांना दाणे घालणे हा नेम, आजारी कबुतर दिसले की ते खोलीवर आणून शुश्रूषा करी.

१९३७ मध्ये रस्ता ओलांडताना टॅक्सीने उडवले. फासळ्या मोडल्या, पण त्याने डॉक्टरांना जवळ येऊ दिले नाही. एक्स-रेच्या धोक्यांबद्दल चाळीस वर्षांपूर्वी लिहिणारा माणूस स्वतःच्या फासळ्यांसाठी वैद्यकाचे दार ठोठावायला तयार नव्हता. त्यानंतर तब्येत पूर्ववत झाली नाही. ७ जानेवारी १९४३ ला न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३ व्या मजल्यावर, ३३२७ क्रमांकाच्या खोलीत तो एकटाच गेला. दाराबाहेर त्रास देऊ नये अशी पाटी होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मोलकरीण आत गेली तेव्हा कळले. वय ८६, मृत्यूचे कारण हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेडिओबाबत मार्कोनीच्या पेटंटातले महत्त्वाचे दावे आधीच्या संशोधकांच्या कामामुळे रद्द ठरवले, त्या संशोधकांत टेस्ला होता. त्याची कागदपत्रे बेलग्रेडच्या संग्रहालयात आहेत, आणि अस्थीही तिथेच, सोनेरी मुलाम्याच्या एका गोलात.